बीटा ब्लॉकर

बीटा ब्लॉकर हा हृद्‌रोग व उच्च रक्तदाब यांवरील उपचारांत वापरल्या जाणाऱ्या औषधांचा एक गट आहे. प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल व कार्व्हेडिलॉल ही या गटातील प्रमुख औषधे होत.

कार्य

भीती, श्रम वा मानसिक ताण यांच्या वेळी शरीरात ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन ही द्रव्ये अधिक स्रवतात. ती हृदयपेशींवरील बीटा ग्राहींना जोडली गेली की ठोके जलद व जोरदार होतात आणि हृदयाची प्राणवायूची गरज वाढते. बीटा ब्लॉकर हे ग्राही अडवून धरतात. त्यामुळे नाडी मंदावते व हृदयावरील भार हलका होतो. मूत्रपिंडातील रेनिनचा स्राव घटल्यानेही रक्तदाब उतरण्यास मदत होते.

इतिहास

अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये आल्फा व बीटा अशा दोन प्रकारच्या ग्राहींची कल्पना मांडली. तोवर हृद्‌शूलावरील उपचारांचा भर हृदयाचा रक्तपुरवठा वाढविण्यावर होता. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी हृदयाची प्राणवायूची गरजच कमी करण्याचा मार्ग शोधला. त्यांचे आधीचे औषध, प्रोनेथॅलॉल, उंदरांत गाठी आढळल्याने मागे पडले. पुढे प्रोप्रॅनोलॉल यशस्वी ठरले. ब्लॅक यांना १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गर्ट्रूड एलिअन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासह मिळाले.

उपयोग

हृद्‌शूल व हृदयाच्या ठोक्यांची काही प्रकारची अनियमितता यांत ही औषधे देतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ती दिल्यास मृत्यूचे प्रमाण घटते, असे १९८१ मध्ये नॉर्वेत टिमोलॉलवर झालेल्या चाचणीत दिसून आले. मात्र ज्या रुग्णांच्या हृदयाची आकुंचनक्षमता झटक्यानंतरही चांगली राहते, त्यांच्या बाबतीत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असा लाभ आढळला नाही.

हृदय दुर्बल होऊन रक्त पुरेसे पंप होत नसेल, तर ही औषधे देऊ नयेत, असे पूर्वी मानले जाई. १९७० च्या दशकात स्वीडनमधील डॉक्टरांनी या समजुतीला छेद दिला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिसोप्रोलॉल व मेटोप्रोलॉल यांच्या चाचण्यांनी मृत्यूचे प्रमाण घटते हे दाखवून दिले. अशा रुग्णांत प्रारंभ अल्प मात्रेने करून ती हळूहळू वाढवितात.

उच्च रक्तदाबात मात्र या गटाचे स्थान बदलले आहे. २००२ च्या एका चाचणीत ॲटेनोलॉलपेक्षा लोसार्टन घेणाऱ्यांना पक्षाघात कमी प्रमाणात झाला. २००६ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी बीटा ब्लॉकरना पहिल्या पसंतीच्या औषधांतून वगळले. सोबत हृद्‌रोग असल्यास ते आजही उपयुक्त ठरतात.

दुष्परिणाम व दक्षता

थकवा, हातपाय गार पडणे व नाडी अतिमंद होणे हे दुष्परिणाम संभवतात. दम्याच्या रुग्णांत श्वासनलिका आकुंचित होण्याचा धोका असतो. मधुमेहींमध्ये रक्तातील साखर उतरल्याची धडधडीसारखी लक्षणे झाकली जातात. बरे वाटू लागले म्हणून हे औषध एकाएकी थांबविणे धोक्याचे असते. त्यामुळे हृद्‌शूल बळावू शकतो वा हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात.