आजेसासूची नोंद

आमच्या बचत गटातल्या एका मावशींच्या नातीला जात पडताळणीसाठी जुना कागद हवा होता. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. घरात त्या पिढीतलं कोणी शाळेतच गेलेलं नाही, मग दाखला कुठून येणार? मावशींना एवढंच ठाऊक, की आजेसासू तान्हं पोर मागे ठेवून मानमोडीत गेली.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. साथीने सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी तो एक.

आम्ही आधी ग्रामपंचायतीत गेलो. तिथे इतकं जुनं काही नव्हतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू टिपून पोलीस ठाण्यात कळवायचा. तीच कोतवाल पंजी. तिची नक्कल तहसिलीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागता येते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. जुन्या कागदावर जिल्हा भंडाराच असतो, हे अर्ज लिहिताना ध्यानात ठेवा.

सासरच्या मौजाची पानं पाहिली. पुढचं-मागचं सालही पाहिलं. नाव नाही. मावशी हिरमुसल्या. तेवढ्यात गटातली एक म्हणाली, “पोर तान्हं होतं ना? मग ती माहेरी असंल बाळंतपणाला!”

माहेरच्या मौजाच्या पानावर नोंद सापडली. मरणाचं कारण नुसतं ‘ताप’. त्या साथीतली कितीतरी मरणं अशीच तापाच्या खाली लिहिली गेली. नवऱ्याचं नाव होतं, जात होती, वय होतं. तिचं नाव मात्र नव्हतं. अमक्याची बायको, एवढंच.

नातीला नक्कल मिळाली. मावशी ती हातात धरून बराच वेळ बसल्या. म्हणाल्या, “नाव तर मलाबी ठाऊक नाही.”

त्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही एक वही काढली. प्रत्येकीने आईचं, सासूचं, आजीचं, आजेसासूचं नाव, माहेरगाव आणि गेल्याचं साल लिहिलं. आठवलं नाही तिथे जागा कोरी ठेवली. घरी म्हातारं माणूस आहे तोवर विचारून भरायची.

तुम्हीही अशी वही करा. आणि घरात कोणी गेलं तर २१ दिवसांच्या आत नोंद करा. बाई असेल तर तिचं नाव नीट लिहिलंय का, ते स्वतः वाचून घ्या.