गणिताचे मार्क आणि पेपरची भाषा : १८८७ पासून आजपर्यंत

चलथाण, पलसाणा, कडोदरा या पट्ट्यातल्या मराठी घरांत दहावीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास निघतो. पोराला इंजिनिअरिंगला घालायचंय, प्रवेश परीक्षेत गणिताचे मार्क वाढवायचेत, काय करायचं? क्लास कुठला, पुस्तकं कुठली, यावर मग बरीच चर्चा होते. मी स्वतः इंजिनिअर, इतिहासाकडे उशिरा वळलेला. त्यामुळे मला वाटलं, हा प्रश्न जरा जुन्या कागदांच्या उजेडात बघावा. कारण प्रवेश परीक्षा आणि गणित ही जोडी आपल्या भागात काही आजची नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. मॅट्रिक म्हणजे त्या काळची कॉलेजची प्रवेश परीक्षाच. रानडे आणि भांडारकर पहिल्याच तुकडीतले. सुरत, अहमदाबाद, काठियावाड इथल्या मुलांनाही हीच परीक्षा द्यावी लागे. नोव्हेंबर १८८७ मध्ये राजकोटचा एक विद्यार्थी अहमदाबादच्या केंद्रावर या परीक्षेला बसला. नाव मोहनदास करमचंद गांधी. त्याचे मार्क आज उपलब्ध आहेत. इंग्रजी २०० पैकी ८९, गुजराती १०० पैकी ४५॥, सामान्य ज्ञान १५० पैकी ५४ आणि गणित १७५ पैकी ५९. एकूण ६२५ पैकी २४७॥. टक्केवारी काढली तर गणित सगळ्यांत खाली, जेमतेम ३४ टक्के.

आता गंमत बघा. गांधींनी आत्मकथेत लिहिलंय की चौथ्या इयत्तेत भूमिती हा नवा विषय आला, शिकवणं इंग्रजीतून होतं आणि त्यांना काही उमजेना. एक वर्ग खाली परत जावं असंही मनात आलं. पण नेटाने युक्लिडच्या तेराव्या सिद्धांतापर्यंत पोचले, तेव्हा एकदम उलगडा झाला आणि पुढे विषय सोपा वाटू लागला. म्हणजे विषय समजला होता, तरीही परीक्षेत ५९ च. समजणं आणि मार्क मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मुलांना याच आकड्यांवरून सांगतो. पुढे १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी या शिक्षणाचा हिशेब मांडला : अंकगणित, भूमिती, बीजगणित, रसायन आणि खगोल शिकायला जी चार वर्षं लागली, ते सगळं गुजरातीतून एका वर्षात सहज झालं असतं.

हा भाषेचा वाद गांधींच्याही आधीचा. मुंबईच्या एंजिनिअर इन्स्टिट्यूशनचे कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकात मराठीतून आणि गुजरातीतूनही गणिताची पुस्तकं तयार करवली. हटनच्या इंग्रजी ग्रंथांवर आधारलेली ‘शिक्षामाला’ त्यातलीच. पुढे बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने, असा १८४० च्या दशकात चांगलाच सामना झाला. वरच्या शिक्षणात शेवटी इंग्रजीच टिकली. एका इंजिनिअरने देशी भाषेची बाजू घेतली, याचं मला विशेष वाटतं. मोजमाप करणाऱ्या माणसाला आधी उदाहरण नीट वाचता यायला हवं, हे त्याला कामावरून कळलेलं असणार.

आता आजच्या काळाकडे. २०१३ मध्ये जेईई मेन सुरू झाली. गुजरातने राज्यातले इंजिनिअरिंगचे प्रवेशही तिच्यावरूनच द्यायचं ठरवलं आणि पेपर गुजरातीत मागून घेतला. २०१४ मध्ये महाराष्ट्रही आला, तेव्हा मराठी आणि उर्दू पेपर निघाले. २०१६ मध्ये दोन्ही राज्यं बाहेर पडली. मराठी आणि उर्दू बंद झाली, गुजराती मात्र राज्याच्या विनंतीवरून चालू राहिली. २०२१ पासून परीक्षा १३ भाषांत होते, त्यात मराठी पुन्हा आहे. पण मेख अशी की मराठी पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळतो. सुरतच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा गुजराती. गुजरातची स्वतःची गुजकेट तर इंग्रजी, हिंदी आणि गुजराती या तीनच भाषांत.

ताप्ती लाइनने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून इकडे आलेल्या घरांतली मुलं घरी अहिराणी बोलतात. त्यातली काही मराठी शाळेत गणित शिकतात आणि प्रवेशाचा पेपर मात्र तिसऱ्याच भाषेत सोडवतात. मराठीतला लसावि गुजरातीत ‘लसाअ’ होतो, मसावि ‘गुसाअ’ होतो. आयताला ‘लंबचोरस’, कोनाला ‘खूणो’, पाढ्यांना ‘घडिया’. एकेक शब्द किरकोळ आहे. पण गुजकेटमध्ये गणिताचे ४० प्रश्न ६० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. त्यात शब्दाचा अर्थ लावण्यात २० सेकंद गेले तर वेळेचा जवळजवळ चौथा हिस्सा संपला.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. पेपरची भाषा अकरावीच्या पहिल्या महिन्यातच ठरवा आणि मग बदलू नका. एक वही करा, तीन रकाने : मराठी, गुजराती, इंग्रजी. प्रत्येक धड्यातले शब्द त्यात उतरवा. सराव त्याच भाषेतल्या जुन्या पेपरांवर, घड्याळ लावून. चुकलेलं उदाहरण नुसतं तपासू नका. चूक शब्दाची, रीतीची की आकडेमोडीची, हे बाजूला लिहा. महिन्याभरात दिसतं की मार्क नक्की कुठे गळतात. आकडेमोडीत गळत असतील तर आपल्या आज्यांची पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी अजूनही उपयोगी पडते. जेईई मेनमध्ये कॅल्क्युलेटर मिळत नाही.

अंदाजाचाही हिशेब करा. गुजकेटमध्ये बरोबर उत्तराला एक मार्क, चुकीला पाव मार्क कापतात. चारही पर्याय अंधारात असताना ठोकलं तर सरासरी फायदा मार्काच्या सोळाव्या हिश्शाएवढा, म्हणजे नसल्यासारखाच. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर तो मार्काचा सहावा हिस्सा होतो, तेव्हा ठोकायला हरकत नाही.

हे सगळं कशासाठी? गांधींच्या वेळी ६२५ पैकी १७५ मार्क गणिताचे, म्हणजे २८ टक्के. आज जेईई मेनमध्ये ३०० पैकी १०० आणि गुजकेटमध्ये १२० पैकी ४०, म्हणजे तिसरा हिस्सा. जेईईत दोघांचे गुण सारखे आले तर आधी गणितच बघतात. म्हणजे गणिताचं वजन वाढलंय. मराठी पेपर सुरतच्या केंद्रावर मिळावा ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे, पण यंदा बारावीला असलेलं पोर त्यासाठी थांबू शकत नाही. त्याच्या हातात आज तीन रकान्यांची वही द्यायला काहीच अडचण नाही.