परीक्षेचा ताण आणि विरंगुळा: विद्यार्थ्यांनी व पालकांनी काय लक्षात ठेवावे?

सेमिस्टरची परीक्षा जवळ आली की डोकेदुखी, पित्त, छातीत धडधड, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन कॉलेजचे विद्यार्थी दवाखान्यात येतात. दिनक्रम विचारला की बहुतेकदा कळते, खेळ आणि मित्रांबरोबरचे फिरणे कधीच बंद झाले आहे. उरला आहे तो फक्त मोबाइल.

ताणामुळे शरीरात काय होते?

ताण आला की अॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. थोडा वेळ त्यांचा फायदाच होतो, अभ्यासाला जोर येतो. पण ताण आठवडेच्या आठवडे उतरला नाही, तर झोप, पचन आणि एकाग्रता बिघडते.

कोणता विरंगुळा उपयोगी?

- व्यायाम व खेळ: आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे, सायकल किंवा मैदानी खेळ. यामुळे झोपही सुधारते.
- छंद: गाणे, वाद्य, चित्रकला. त्यात प्रावीण्य हवेच असे नाही.
- माणसे: मेसमध्ये मित्रांसोबत जेवणे, घरी फोन करणे.
- मोबाइल: थोडा वेळ चालेल. मात्र अभ्यासाची भीती टाळण्यासाठी रात्री दोनपर्यंत रील्स पाहिल्या, तर झोप जाते आणि अभ्यास तसाच राहतो.

सोपी खूण अशी: विरंगुळ्यानंतर हलके वाटले तर तो उपयोगी. अपराधी वाटले तर बहुधा ती टाळाटाळ होती. दारू, सिगारेट हा विरंगुळा नव्हे.

विरंगुळ्याची मर्यादा

एटीकेटी, फीची अडचण, न झेपणारा विषय हे प्रश्न क्रिकेट खेळून सुटत नाहीत. त्यासाठी शिक्षकांशी, घरच्यांशी बोलावेच लागते. खेळामुळे ते बोलण्याइतके मन शांत होते.

पालकांसाठी

परीक्षेच्या काळात खेळ पूर्ण बंद करू नका, वेळ ठरवून द्या. मुलाने आवडता छंद स्वतःहून सोडला, तर त्याला लगेच आळशी म्हणू नका. आवडत्या गोष्टीतही मन न रमणे हे नैराश्याचे एक प्रमुख लक्षण आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

उदासी, निद्रानाश, भूक न लागणे किंवा कशातच रस नसणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर डॉक्टरांना भेटा. आत्महत्येचे विचार येत असतील तर थांबू नका. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास बोलता येते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नका.