वेस्ट व्हर्जिनियाचा कौल



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे शिवकाल, पेशवाई नाही तर सत्तावनचे बंड, अशी आपली साधारण समजूत. आम्ही मात्र आज १० मे १९६० या एका दिवसाविषयी बोलणार आहोत. महाराष्ट्र राज्य जन्माला येऊन त्या दिवशी जेमतेम नऊ दिवस झाले होते. इकडे नव्या राज्याची तोरणे अजून सुकली नसतील, आणि तिकडे अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया नावाच्या एका गरीब, डोंगराळ राज्यात लोक मतदानाला निघाले होते. आमचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण आमची हयात चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींतील कामगारांत गेली. आणि वेस्ट व्हर्जिनिया हाही कोळशाचाच मुलूख. कॉलेजचे तोंड आम्ही पाहिले नाही. पाळी सुटल्यावर कंदिलाखाली जे वाचले, त्यात ही हकीकत प्रथम भेटली आणि मनात रुतून बसली.

आधी हे मतदान कसले, ते सांगितले पाहिजे. निवडणूक म्हणजे दोन पक्षांची झुंज, हे आपण जाणतो. पण त्या पक्षांतर्फे उभे कोणी राहायचे? आपल्याकडे त्याला ‘तिकीट’ म्हणतात आणि ते वरून मिळते. अमेरिकेतही पूर्वी तसेच होते. पक्षाच्या अधिवेशनात पुढारी बंद खोलीत बसत आणि नाव बाहेर येई. या प्रकाराचा वीट येऊन विस्कॉन्सिन राज्याने १९०३ साली कायदा केला, की पक्षाचा उमेदवार सामान्य मतदारांनीच मत टाकून ठरवावा. रॉबर्ट ला फॉलेट हा त्या चळवळीचा अध्वर्यू. या पक्षांतर्गत मतदानास ‘प्रायमरी’ म्हणतात. १९१२ साली ती राष्ट्राध्यक्षपदासाठीही अनेक राज्यांत झाली. थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांतील बहुतेक राज्ये जिंकली, तरी पक्षाच्या अधिवेशनाने उमेदवारी टाफ्ट यांनाच दिली! १९५२ साली न्यू हॅम्पशायरमध्ये एस्टिस केफॉव्हर यांनी प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना हरवले. पण उमेदवारी मिळाली स्टीव्हन्सन यांना. म्हणजे प्रायमरीत लोकांनी बोलावे आणि पुढाऱ्यांनी ऐकले न ऐकलेसे करावे, असा तो काळ होता.

आता त्या मुलुखाकडे वळू. यादवी युद्धात, १८६३ साली, व्हर्जिनियातून फुटून हे राज्य झाले. डोंगर, अरुंद खोरी आणि पोटात कोळसा. खाणमालकाचेच घर, मालकाचेच दुकान, आणि मजुरी म्हणून मालकाच्याच दुकानात चालणारे टोकन. १९२१ साली ब्लेअर माउंटन येथे हजारो खाणकामगार बंदुका घेऊन संघटनेच्या हक्कासाठी उभे राहिले आणि त्यांना हटवायला केंद्राचे सैन्य आणावे लागले. पुढे १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या राजवटीत संघटनेला कायद्याचा आधार मिळाला. तेव्हापासून त्या घराघरांत रूझवेल्ट हे नाव देवासारखे. मग यंत्र आले. १९५० साली खाणींत लाखाहून अधिक माणसे होती. दहा वर्षांत त्यांतली निम्मीही उरली नाहीत. कोळसा निघत होता, माणूस निघून जात होता. हे वाक्य आम्ही पुस्तकातून घेतलेले नाही; आमच्या वस्तीत ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

अशा ठिकाणी १९६० साली डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन सिनेटर समोरासमोर आले. एक मिनेसोटाचे ह्युबर्ट हम्फ्री. औषधाच्या दुकानदाराचा मुलगा, कामगारांचा जुना मित्र, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी १९४८ च्या अधिवेशनात गर्जून उठलेला माणूस. दुसरे मॅसॅच्युसेट्सचे जॉन केनेडी. अफाट श्रीमंत बापाचा मुलगा, हार्वर्डचा पदवीधर, युद्धात नाव मिळवलेला. आणि धर्माने कॅथलिक! हा शेवटचा मुद्दा आपल्याला किरकोळ वाटेल. तिथे तो किरकोळ नव्हता. १९२८ साली अल स्मिथ हे कॅथलिक उमेदवार हरले, तेव्हापासून कॅथलिकाला व्हाइट हाउसचे दार बंद, असे पुढारी धरून चालत होते.

एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनची प्रायमरी झाली. केनेडी जिंकले, पण दहांपैकी सहाच मतदारसंघ मिळाले. टीकाकार म्हणाले, ही कॅथलिकांची मते. खरी परीक्षा वेस्ट व्हर्जिनियात होती, कारण तिथे शंभरांत पाचही कॅथलिक नव्हते. आधीच्या डिसेंबरात केनेडींच्या माणसांनी तिथे पाहणी केली, तेव्हा शंभरांत सत्तर लोक त्यांच्या बाजूचे होते. एप्रिलपर्यंत धर्म सर्वतोमुखी झाला आणि पारडे फिरले; साठ लोक हम्फ्रींकडे गेले.

श्रोतेहो, इथून पुढचा भाग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मते हवीत म्हणून केनेडींना त्या खोऱ्यांत उतरावे लागले. ते खाणीच्या तोंडाशी पाळी बदलताना उभे राहिले, काळ्या हातांत हात दिले. मी आरमारात गेलो तेव्हा माझा धर्म कोणी विचारला नव्हता, अशा आशयाचे ते सरळ बोलले. तसेच त्यांना बेकारांच्या घरांत सरकारी शिध्यावर जगणारी मुले दिसली. पुढे ४ मे रोजी चार्ल्सटनला दूरचित्रवाणीवर दोघांचा वाद झाला, त्यात त्यांनी तो शिधा कॅमेऱ्यापुढे ठेवून देशाला दाखवला. उपाशी माणूस त्यांना ठाऊक नव्हता असे नव्हे. पण ठाऊक असणे आणि दाराशी जाऊन पाहणे, यांत अंतर आहे.

हे अंतर आम्ही स्वतः मोजले आहे. आमच्या एका संघटनेत पदाधिकाऱ्यांची यादी शहरातून टाइप होऊन येई. आम्ही दोनदा बिनविरोध निवडून आलो आणि त्याचा अभिमानही बाळगला. तिसऱ्या खेपेस एक पोरसवदा लोडर आमच्या विरुद्ध उभा राहिला. मग घरोघर जाणे आले. तेव्हा कळले, की खालच्या वस्तीच्या नळाला दोन महिने पाणी नाही आणि बाया पहाटे मैलभर चालतात. एका म्हातारीने विचारले, “दादा, इतके दिवस वाट चुकला होतात काय?” आम्ही थोडक्या मतांनी निवडून आलो, पण त्या प्रश्नाने हरलो. बिनविरोध माणसाला दार ठोठवावे लागत नाही, हेच त्याचे दुर्दैव.

असो. १० मे रोजी पाऊस पडत होता. मोजणी झाली: केनेडी २,३६,५१०, हम्फ्री १,५२,१८७. चौऱ्याऐंशी हजारांहून अधिक मतांचा फरक. शेकडा साठांवर मते. ज्यांच्याविषयी शहरी पंडित म्हणत होते, की हे अडाणी डोंगरी लोक धर्मापलीकडे पाहणार नाहीत, त्यांनी ते पाहिले. हम्फ्रींनी त्याच रात्री माघार घेतली. गंमत अशी, की कायद्याने हा कौल अधिवेशनातील प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हता! पण कॅथलिक जिंकू शकतो, हे पुढाऱ्यांना पटले. जुलैत लॉस एंजेलिसला पहिल्याच फेरीत केनेडींना ८०६ प्रतिनिधींची मते मिळाली आणि नोव्हेंबरात ते राष्ट्राध्यक्ष झाले.

पण आम्ही भाट नव्हे. आकड्यामागे काय काय होते, तेही सांगितले पाहिजे. हम्फ्री थंडीत गारठणाऱ्या भाड्याच्या बसने फिरत, केनेडींकडे घरचे विमान. हम्फ्री वैतागून म्हणत, की मोठ्या साखळी दुकानांपुढे मी एकटा वाणी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील गट छापील याद्या वाटत, ‘यांनाच मत द्या’. त्या याद्यांत नाव यावे म्हणून पैसा चालला, असे आरोप झाले. रूझवेल्ट यांच्या मुलाला प्रचारात आणले गेले आणि त्याने हम्फ्री युद्धात गेले नाहीत, असा टोमणा मारला. वास्तविक शारीरिक दोषामुळे सैन्याने त्यांना नाकारले होते. त्या मुलाला पुढे याचा पश्चात्ताप झाला. पण गेलेली मते पश्चात्तापाने परत येत नाहीत. कामगारांचा जुना मित्र कामगारांच्याच मुलुखात हरला, ही सल आमच्या मनात राहतेच.

केनेडींनी मात्र ते घर विसरले नाही. २१ जानेवारी १९६१ रोजी, शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी पहिलाच आदेश काढला तो गरजूंचा शिधा वाढवण्याचा. त्याच मे महिन्यात अन्न-कुपनांचा नवा प्रयोग सुरू झाला, तो वेस्ट व्हर्जिनियाच्या मॅकडॉवेल जिल्ह्यात. १९६४ साली त्याचा कायदा झाला. गेलेल्या नोकऱ्या काही परत आल्या नाहीत. पण ताटात दोन घास अधिक पडले.

आणि हम्फ्री? १९६८ साली ते उपराष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नाही. रॉबर्ट केनेडी कॅलिफोर्निया जिंकून त्याच रात्री गोळीला बळी पडले. शिकागोच्या अधिवेशनात पुढाऱ्यांनी हम्फ्रींना उमेदवारी दिली. आत पुढारी आणि बाहेर रस्त्यावर तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या. ते नोव्हेंबरात निक्सन यांच्याकडून हरले. त्यानंतर पक्षाने नियमच बदलले आणि १९७२ पासून प्रायमरीच्या मतांना खरे वजन आले. ज्या माणसाने १९६० साली गारठत दारोदार फिरून हार पत्करली, त्यालाच आठ वर्षांनी मागच्या दाराने आत नेले, आणि तो मान त्याला पचला नाही.

प्रायमरी आपल्याकडे आणावी, असे आम्ही म्हणत नाही. पैसेवाल्याला दारोदार फिरणेही सोपे जाते, हे आपण पाहिलेच. पण पतपेढी असो, ग्रंथालय असो, संघटना असो, तिथली यादी बंद खोलीतून येत असेल, तर निदान एक जण विरुद्ध उभा राहू द्या. तो हरेल. पण जिंकणाऱ्याला खालच्या वस्तीपर्यंत चालत जावे लागेल, आणि नळाला पाणी नाही हे त्याला तिथे कळेल.