मोरचुदातलं पाचवं पाणी

अकरावी-बारावी मी साताऱ्याला मामांकडे राहून केली. प्रॅक्टिकलला मोरचुदाचे निळे खडे परीक्षानळीत तापवायचे होते. तापवल्यावर खडे पांढरे पडले आणि नळीच्या वरच्या गार काचेवर थेंब जमले. त्या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचे दोन थेंब टाकले, तर ती पुन्हा निळी! वहीत लिहिलं : एक कॉपर सल्फेट, पाच पाणी. मार्क मिळाले आणि मी ते विसरूनही गेलो.

दोन वर्षांनी ते विसरणं आमच्या द्राक्षबागेला महागात पडणार होतं. सांगली जिल्ह्यात, तासगावजवळ आमची बाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली होती, पाऊस थांबत नव्हता आणि दावण्या येण्याची भीती होती. हा रोग फुलोऱ्यात आला, तर घडच्या घड जातात. आबा बोर्डो मिश्रण कालवत होते : शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. फोनवर हिशोब केला. कॉपर सल्फेटचा रेणुभार १५९.६, त्यात तांबं ६३.५, म्हणजे किलोमागे ४०० ग्रॅम. शंभर लिटरला २५० ग्रॅम तांबं पुरतं, असं वाचलं होतं. "आबा, सव्वासहाशे ग्रॅम बास झालं. उगाच पैसे घालवताय."

"किलो म्हंजे किलो," आबा म्हणाले आणि विळ्याचं पातं मिश्रणात बुडवलं. पात्यावर तांबूस थर चढला असता, तर चुना कमी पडला असं समजून आणखी घालायचा. थर चढला नाही. फवारणी झाली.

माझी चूक रात्री लक्षात आली. पाच पाणी धरली, की रेणुभार २४९.७ होतो. किलोभर मोरचुदात तांबं २५५ ग्रॅम आणि पाणी तब्बल ३६० ग्रॅम! माझ्या मापानं बागेवर जेमतेम १६० ग्रॅम तांबं गेलं असतं.

कोरड्या खड्यात इतकं पाणी राहतं कसं? हा प्रश्न जुना आहे. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डो भागात चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेलींवर दावण्या नव्हता, हे मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञानं हेरलं आणि १८८५ मध्ये मिश्रणाची कृती छापली. औषध लागू पडत होतं, पण खड्याच्या आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

१८९३ मध्ये आल्फ्रेड वर्नरनं मांडलं, की धातूचा अणू आपल्याभोवती ठरावीक जागी रेणू धरून ठेवतो. १९१२ मध्ये म्युनिकला लाउएच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंगनं क्ष-किरण एका खड्यातून सोडले आणि फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. तो पहिला खडा मोरचुदाचाच होता.

त्याची पूर्ण रचना १९३४ मध्ये बीव्हर्स आणि लिप्सन या दोघांनी उलगडली. दोघंही विशीतले, म्हणजे आज माझ्यापेक्षा लहान. संगणक नव्हता. पुढे असल्या बेरजा सोप्या व्हाव्यात म्हणून त्यांनी साइन-कोसाइनचे आकडे लिहिलेल्या कागदी पट्ट्या बनवल्या. मी रोज कोड लिहितो. त्या पट्ट्या म्हणजे मला कागदावरचा प्रोग्रॅमच वाटतो.

त्यांना दिसलं ते असं. चार पाणी तांब्याभोवती चौकोनात बसतात. त्यांचा ऑक्सिजन आपल्याकडची इलेक्ट्रॉनची जोडी तांब्याला देतो, हा समन्वयी बंध. वर-खाली, थोडे लांब, सल्फेटचे ऑक्सिजन. तांबं धनभारित, सल्फेट ऋणभारित, म्हणून त्यांच्यात आयनिक ओढ. पाचवं पाणी तांब्याला चिकटतच नाही. ते सल्फेट आणि इतर पाण्यांच्या मध्ये हायड्रोजन बंधांनी अडकलेलं असतं. शिवाय प्रत्येक पाण्याच्या आत ऑक्सिजन-हायड्रोजनचे सहसंयुज बंध आहेतच. एका निळ्या खड्यात चार तऱ्हेचे बंध!

तापवताना चार पाणी शंभरएक अंशांच्या आसपास निघून जातात, शेवटचं काढायला दोनशेच्या वर जावं लागतं. तांब्याभोवतीचं पाणी गेलं, की निळा रंगही जातो.

परवा हे सगळं आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे किलोत पाणी हाय, हे ठाऊक असणारानंच किलोचं माप ठरवलं असणार," ते म्हणाले. "तू तेवढं पाणी धरायला इसरू नको."

आता हिशोब मीच करतो. पाच पाणी धरून. आणि विळाही बुडवतो.