घराण्यातले आजार: पेडणे-डिचोलीच्या संदर्भात

गोव्याच्या उत्तर टोकाचा पेडणे आणि त्याला लागून असलेला डिचोली हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा घेतलेल्या मुलखातले. तिसवाडी, बार्देश, सासष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तर पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्या ताब्यात आला. १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा निघाली, पण तिथून शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांपुढे देवी, पटकी आणि हिवताप हे प्रश्न होते. साथीत माणसे शेकड्याने मरत, म्हणून साथींची नोंद होई. एखाद्याच घरात मुलामागून मूल दगावले, तर त्याची नोंद करण्याचे सरकारदरबारी काही कारण नव्हते.

गावात मात्र त्याची दखल घेतली जाई. घाड्याला विचारायचे, देवाला कौल लावायचा, राखणदाराला गाऱ्हाणे घालायचे, ही वहिवाट होती. घराण्याला दोष आहे असा निष्कर्ष निघाला, की बोट बहुधा सुनेकडेच वळे. आजार घराण्यातून येतो हे निरीक्षण चुकीचे नव्हते. दोष एकटीच्या माथी मारणे चुकीचे होते. अशा पुष्कळ आजारांत सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते. दोघेही धडधाकट असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. मामाची मुलगी करण्याची चाल जिथे होती, सोयरिकी त्याच चार गावांत फिरत होत्या, तिथे अशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढे. आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरने लघवी काळी पडणाऱ्या एका दुर्मीळ विकाराविषयी लिहिताना १९०२ सालीच चुलत-मामे भावंडांच्या लग्नांकडे लक्ष वेधले होते.

कुष्ठरोगाची कथा याच्या नेमकी उलट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले नामवंत डॉक्टरही तो आनुवंशिक मानत; १८७३ मध्ये हॅन्सन या डॉक्टरने त्याचा जंतू दाखवला. गोव्यात डॉ. फ्रोइलानो द मेलो यांच्या पुढाकाराने १९३० च्या दशकात सासष्टीतील माकाझन येथे कुष्ठरुग्णालय उभे राहिले. म्हणजे जो आजार घराण्याचा नव्हता त्याने घराणी बदनाम झाली, आणि जे खरोखर घराण्याचे होते त्यांना नावही नव्हते.

नाव मिळायला प्रयोगशाळा लागते, आणि त्याआधी मूल इस्पितळात जन्मावे लागते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी गाळणकागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबावरून फिनाइलकिटोन्यूरिया हा जन्मजात विकार ओळखण्याची पद्धत रूढ केली. त्याच सुमारास, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला. जुन्या वैद्यकीय शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, तालुक्यांत आरोग्य केंद्रे आली आणि बाळंतपणे सुइणीच्या हातून इस्पितळाकडे सरकली. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक बाळंतपणे इस्पितळांत होत असल्याचे दिसले. बहुतेक राज्यांच्या हे स्वप्नातही नव्हते. २००८ साली राज्य पातळीवर नवजात बालकांची तपासणी सुरू करणारे गोवा हे देशातले पहिले राज्य ठरले, त्याची पायाभरणी अशी आधीच झालेली होती.

तपासणी साधी असते. बाळ दोन-तीन दिवसांचे झाले, अंगावर पिऊ लागले, की टाचेच्या कडेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर छापलेल्या वर्तुळांत टिपून घेतात आणि कागद उन्हात न धरता सुकवतात. सटवी बाळाच्या कपाळी नशीब लिहिते ती रात्र सहावी. हे काम त्याआधीच उरकते. जन्मजात थायरॉइड-न्यूनतेचे बाळ दिसायला चांगले असते, पण उपचार लांबला तर बुद्धीची वाढ खुंटते. थायरॉक्सिनची स्वस्त गोळी वेळेत सुरू केली की हे टळते. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता मुख्यतः मुलग्यांत आढळते. हिवतापावरच्या प्रायमाक्विनने अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून हिवतापाच्या मुलखात ती आधी माहीत असलेली बरी.

याहून दुर्मीळ आजारांची अडचण संख्येचीच आहे. २०११ च्या जनगणनेत पेडण्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार होती. दहा हजारांत एकाला होणारा आजार धरला तर दोन्ही तालुके मिळून सतरा-अठरा रुग्ण निघतील. गावच्या डॉक्टरने त्यातला एकही कधी पाहिला नसेल, तर त्यात नवल नाही. अशा आजारांकडे लक्ष वेधण्यासाठी जगभर फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवशी पाळला जाणारा दुर्मीळ आजार दिनही, गोव्यात तपासणी सुरू झाली त्याच २००८ मध्ये, युरोपात सुरू झाला. भारताचे दुर्मीळ आजारविषयक राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले. त्यानुसार निवडक उत्कृष्टता केंद्रांत उपचार घेणाऱ्या रुग्णाला २०२२ पासून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. या केंद्रांपैकी मुंबईचे केईएम हे एक. गोशेसारख्या दुर्मीळ आजारात विकराचे औषध जन्मभर ठराविक दिवसांनी शिरेतून द्यावे लागते आणि मूल वाढेल तशी मात्राही वाढते, त्यामुळे ही रक्कम काही वर्षांतच संपू शकते.