कान्हेरीची वाट: एका पायवाटेचा दोन हजार वर्षांचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय आपल्यातल्या बहुतेकांच्या पायाखालून गेलेला आहे. मुंबईत वाढलेला माणूस शाळेच्या सहलीत एकदा तरी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलेला असतो. पुढे मित्रांबरोबर, मग मुलांना घेऊन आणि निवृत्तीनंतर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तो पुन्हा तिथेच जातो. मुख्य दारातून आत शिरायचं, दहिसर नदी कधी उजवीकडे कधी डावीकडे ठेवत पुढे जायचं आणि सहा-सात किलोमीटर चढउतार करून कान्हेरीच्या लेण्यांपाशी पोचायचं. पाय शाबूत असतील तर लेण्यांच्या माथ्यावर जायचं, तिथल्या कातळावर बसून डबा उघडायचा आणि खाली उतरायचं. पावसाळ्यात गर्दी इतकी की कधी कधी लेण्यांपेक्षा छत्र्याच जास्त दिसतात.

या वाटेबद्दल आपण सगळे एक वाक्य हमखास बोलतो: "शहराच्या इतक्या जवळ असून काय जंगल राहिलंय बघा!" हे जंगल शहराच्या जवळ 'असूनही' राहिलं, असं आपण धरून चालतो. आजच्या तासाभरात आपल्याला हे गृहीतक जरा उलटं करून बघायचं आहे. ही वाट माणसांनी केली, माणसांनी राखली, आणि शहराला तिची गरज होती म्हणून आजूबाजूचं रान उरलं. निर्जन अरण्य ती कधीच नव्हती. हे एकदा मान्य केलं की शेवटी एक अवघड प्रश्न उभा राहतो, तिकडे आपण हळूहळू जाऊ.

आधी डोंगर बघा. उद्यानाचं क्षेत्र साधारण १०४ चौरस किलोमीटर, काही भाग मुंबईत, काही ठाणे जिल्ह्यात. सर्वात उंच जागा जांभूळमाळ, उंची ४६८ मीटर. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण साष्टी बेटाच्या मानाने हा मोठाच पहाड. आता दोन हजार वर्षांपूर्वीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा, पूर्वेला खाडीवरचं कल्याण, दक्षिणेला चेमूल म्हणजे चौल. पश्चिम किनाऱ्यावरची ही तीन भरभराटीची बंदरं, आणि त्यांच्या मधोमध हा काळा डोंगर. कण्हसेल, कण्हगिरी, संस्कृतात कृष्णगिरी. अर्थ एकच, काळा पहाड. त्यावरून कान्हेरी.

आपल्याला वाटतं, भिक्षू एकांतासाठी इथे आले. एकांत हवाच होता, पण भिक्षा मिळेल इतक्या अंतरावरचा एकांत. व्यापाऱ्यांच्या तांड्यांपासून फार लांब जाऊन संघ चालला नसता. म्हणून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास इथे खोदकाम सुरू झालं आणि पुढे सुमारे हजार वर्षं वस्ती टिकली. शंभराहून अधिक लेणी एका डोंगरावर! अजिंठा चित्रांसाठी प्रसिद्ध, वेरूळ कैलासासाठी. कान्हेरी मात्र एक गाव आहे. भिक्षूंचं गाव. इथली बहुतेक लेणी म्हणजे एक ओसरी, एक खोली, झोपायला दगडी ओटा, बाहेर बसायला बाक आणि शेजारी पाण्याचं टाकं. वन रूम किचनच म्हणा ना.

त्या टाक्यांपाशी जरा थांबू. पुढच्या वेळी जाल तेव्हा मूर्ती बघून झाल्या की मान खाली घालून फिरा. लेण्यांच्या डोक्यावरच्या कातळात बोटभर, वीतभर रुंदीच्या चऱ्या खोदलेल्या दिसतील. माथ्यावर पडलेला पाऊस त्या चऱ्यांतून वळवून टाक्यात आणलेला आहे. कोकणात पाऊस चार महिने धो धो पडतो आणि नंतर आठ महिने कातळ तापतो. या डोंगरावर राहायचं तर मूर्ती घडवण्याआधी पाण्याची सोय घडवावी लागणार, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलं आहे. कुणी लेणं दान दिलं तर त्याच्याबरोबर पोढीही दिली, असे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात. काही टाक्यांत आजही एप्रिलमध्ये पाणी असतं.

आणि आता वाटेकडे. कान्हेरीत ब्राह्मी लिपीतले कितीतरी लेख आहेत. डॉ. शोभना गोखले यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला, त्यांचा ग्रंथ १९९१ साली आला. हे लेख राजांच्या पराक्रमाचे नाहीत, पावत्यांसारखे आहेत: कोण, कुठला, काय दिलं. तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य चैत्यगृहाचा खर्च व्यापारी घराण्यातल्या भावांनी उचलला, काळ सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचा. कल्याणच्या एका व्यापाऱ्याने भिक्षूंच्या खर्चासाठी मंगलठाण गावातलं शेत लावून दिलं. मंगलठाण म्हणजे मागाठाणे, बरं का! आज आपण मेट्रोने ज्या मागाठाण्याला उतरतो तिथल्या भाताच्या उत्पन्नावर डोंगरावरच्या भिक्षूंची वस्त्रं येत होती. सोनार आहेत, व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत.

या सगळ्यांत आम्हाला सर्वात जवळचा वाटतो तो कल्याणचा नंद. लेखात त्याचा धंदा 'कमार' असा दिला आहे, म्हणजे लोहार. त्याने दान काय दिलं? पथ. वाट! त्याने ना मूर्ती दिली ना लेणं. लोहाराला उतारावरच्या पायरीचं मोल कळणारच. छिन्न्यांना धार लावायची, खडक फोडायचा हे त्याच्या ओळखीचं काम. चैत्याला पैसे देणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव लोक दर्शनाला गेले की वाचत असतील, पण नंदाचं दान पायदळी तुडवल्याशिवाय वापरताच येत नाही. कान्हेरीत एका लेण्याहून दुसऱ्याकडे नेणाऱ्या कातळातल्या पायऱ्या आजही आहेत, ट्रेकिंगचे बूट घालून आपण त्यांवरूनच चढतो. ही वाट कुणीतरी, कुणासाठी तरी, पदरचे पैसे घालून केलेली आहे, एवढं या एका ओळीच्या लेखावरून नक्की सांगता येतं.

नव्वदाव्या लेण्यात आणखी एक मौज आहे. तिथे पहलवी लिपीत काही नावं कोरलेली आहेत, यज्दगर्दी सन ३७८ म्हणजे इसवी सन १००९ची आणि काही १०२१ची. कोरणारे जरथुष्ट्री लोक. ते इथे दान द्यायला आले नव्हते, बघायला आले होते. आले, जागा पाहिली, तारीख घालून नावं लिहिली आणि गेले. आजच्या भाषेत ते पर्यटक! म्हणजे या वाटेवर 'नुसतं फिरायला' येण्याची परंपराही हजार वर्षांची आहे. भिंतीवर नाव कोरणाऱ्या आजच्या पोरांना हे सांगू नका, त्यांना निमित्त मिळेल.

पुढे संघ ओसरला, लेणी ओस पडली. १५३४ साली साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी इथल्या एका लेण्याचं चर्च केलं. त्यांपैकी फ्राय आंतोनियो दो पोर्तो याची एक गोष्ट दियोगो दो कुतो या पोर्तुगीज इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे. या डोंगराच्या पोटातून एक भुयार थेट खंभातपर्यंत जातं, अशी तेव्हा वदंता होती. पाद्रीबुवा माणसं, दोर, शिधापाणी घेऊन आत शिरले, सात दिवस चालले आणि शेवट सापडेना तेव्हा परत फिरले. सात दिवस चालायला इथे जागा नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण एकातून दुसरं उघडणारी लेणी, टाकी, पायऱ्या पाहून त्यांना चक्रव्यूहच वाटला असेल. भुयाराचा हा नाद मात्र लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

मराठ्यांनी १७३९ साली साष्टी घेतली, १७७४ साली ती इंग्रजांकडे गेली. या काळावर आपण आज रेंगाळणार नाही, कारण डोंगराच्या दृष्टीने मोठी घटना त्यानंतरची आहे. ती पाण्याची.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई फुगत चालली होती आणि विहिरी-तलाव पुरेनात. तेव्हा हेन्री कॉनीबियर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे १८५६ साली विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० साली नळाने पाणी मुंबईत आलं. मुंबईचं पहिलं नळाचं पाणी ते हे. तेही पुरेना म्हणून १८७९ साली तुळशी तलाव पुरा झाला. दोन्ही याच डोंगररांगेत. म्हणजे गंमत बघा, भिक्षूंनी जे कातळावर लहान प्रमाणात केलं तेच महापालिकेने दरी अडवून केलं: डोंगरावर पडलेला पाऊस साठवायचा आणि माणसाला प्यायला द्यायचा.

या तलावांचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं पाणलोट क्षेत्र राखलं गेलं. तिथे शेती नको, वस्ती नको, झाडं तोडू नका. आपल्या 'काय जंगल राहिलंय' या वाक्याचं उत्तर बऱ्याच अंशी या नळात आहे. आज मुंबईला रोज जे पाणी मिळतं त्यात विहार आणि तुळशी यांचा मिळून वाटा अगदी थोडा आहे. पाणी तानसा, भातसा, वैतरणेहून येतं. पण त्या दोन तलावांच्या काळजीपोटी राखलेलं रान उरलं. बिबळ्याने आणि करवीने त्याचा फायदा घेतला. करवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा अख्खा उतार जांभळा होतो. २०१६ साली फुलली होती, नंतर २०२४ साली.

नावांचा प्रवास थोडक्यात: कृष्णगिरी उपवन, मग बोरिवली राष्ट्रीय उद्यान आणि १९८०च्या दशकापासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. लोक अजून 'नॅशनल पार्क'च म्हणतात आणि रिक्षावालाही तेच समजतो.

आता तो अवघड प्रश्न. या वाटेच्या आसपास पाडे आहेत. नवापाडा, तुमणीपाडा, चुनापाडा. वारली, कोकणा, महादेव कोळी कुटुंबं. उद्यान जाहीर होण्याच्या आधीपासून ही माणसं या रानात राहतात. दुसरीकडे, विसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात घर न परवडणारे हजारो लोक उद्यानाच्या कडेने झोपड्या बांधून राहू लागले. एका पर्यावरणवादी संस्थेने १९९५ साली उच्च न्यायालयात याचिका केली आणि मे १९९७ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५च्या मतदार यादीत नाव असेल आणि सात हजार रुपये भरता आले तर पर्यायी घर, नाहीतर नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या.

जंगल वाचवणं आवश्यक होतं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ती कारवाई झाली नसती तर पश्चिमेचा हा उतार आज इमारतींनी भरला असता. पण त्या हिशेबात पाड्यांवरच्या आदिवासींनाही 'अतिक्रमण' याच शब्दात बसवलं गेलं. कालपरवा आलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, दोघांकडे कागद एकच मागितला: यादीत नाव आहे का? नंदाने कातळावर नाव कोरून ठेवलं म्हणून त्याची वाट सिद्ध होते. ज्यांच्या आजोबांनी गुरं चारत या रानातल्या पाऊलवाटा पाडल्या, त्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही. त्यांच्या पुनर्वसनाचा आणि हक्कांचा वाद जवळजवळ तीस वर्षांनंतरही मिटलेला नाही.

बिबळ्याचं उदाहरण घ्या. २००२ ते २००४ या काळात उद्यानाभोवती बिबळ्यांच्या हल्ल्यांत बरीच माणसं दगावली, २००४चा जून तर फार वाईट गेला. तेव्हा उपाय एकच सुचत होता, पिंजरा लावा आणि लांब सोडा. पुढे विद्या अत्रेय यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलं की पकडून अनोळखी जागी सोडलेला बिबळ्या उलट जास्त त्रास देऊ शकतो. मग लोकांना शिकवलं गेलं की कचरा उघड्यावर टाकू नका, अंधारात एकटं जाऊ नका, मुलांना एकटं सोडू नका. पाड्यावरच्या माणसाला यात नवं काही नव्हतं. तिथे वाघोबाचं ठाणं असतं, वाघबारसेला त्याची पूजा होते. वाघ आणि बिबळ्या दोघेही वाघोबाच. शेजाऱ्याशी जसं जपून वागायचं तसं त्याच्याशी. हे ज्ञान आपण व्याख्यानांतून मिळवतो, ते त्यांच्या घरात होतं.

आणि भुयार? ते आता खरंच होतंय. ठाणे ते बोरिवली असा जोडरस्ता या डोंगराखालून जाणार आहे, त्यातला दहा किलोमीटरहून अधिक भाग जुळ्या बोगद्यांचा. जुलै २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. दक्षिणेकडे गोरेगाव-मुलुंड रस्त्याचे बोगदेही उद्यानाच्या पोटातूनच. फ्राय आंतोनियोला सात दिवसांत जे सापडलं नाही ते अंतर मोटार काही मिनिटांत कापेल. वरचं जंगल तोडावं लागू नये म्हणून बोगदा, असं सांगितलं जातं, आणि उघड्या रस्त्यापेक्षा तो बराच, हे खरंच आहे. पण बोगद्याची दोन तोंडं जिथे उघडतात तिथे झाडं असतात, घरंही असतात. ती कुणाची, हे विचारायला हवं.

पुढच्या पावसाळ्यात कान्हेरीला जाल तेव्हा चैत्यगृह बघून लगेच माघारी फिरू नका. पायऱ्यांनी वर जा, चऱ्या शोधा, एखाद्या पोढीत डोकवा. उतरताना वाटेत काकडी, करवंदं, चिंचा घेऊन पाड्यावरच्या बायका बसलेल्या असतात. त्यांच्याकडून काहीतरी घ्या, आणि घाई नसेल तर एवढंच विचारा की मावशी, या ओढ्याला तुम्ही काय म्हणता? नकाशात नसलेली बरीच नावं त्यांच्याकडे आहेत.